मामंजींना म्हणावं

मामंजी, परवा सकाळी ओसरीवर कुणीतरी खाकरलं आणि चुलीपुढं बसल्या बसल्या माझा हात पदराकडं गेला. मागाहून कळलं, धाकटे भाऊजी होते. तुमच्या दहाव्याला त्यांनी कृष्णेत बुडी मारली तेव्हापासून त्यांचा घसा धरलाय. मला हसूच आवरेना. जाऊबाईंना वाटलं, मी तोंडात पदर कोंबून रडतेय. त्या बिचाऱ्या जवळ आल्या, पाठीवरनं हात फिरवला, 'उगी' म्हणाल्या, आणि मग मी खरोखरच रडले. तुम्ही असतात तर बाहेरनं आवाज आला असता, "सूनबाईला म्हणावं, एकदा काय ते ठरीव, हसायचं का रडायचं."

गावात तुमचं गुणगान जोरात चाललंय. चावडीवर ऐकाल तर तुम्ही लढलेले सगळे दावे आता तुम्ही जिंकलेले आहेत. बांधाचा दावा सपशेल हरला होतात, हे बहुतेक मला आणि तुमच्या वकिलालाच आठवतं. गुणगान करणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मी त्यात भर घालत नाही. मला आपला दोघांचा जुना दावा चालवायचा आहे. त्याला तुम्ही दरवेळी पुढची तारीख देत आलात, आणि आता बघा, ऐन निकालाला तुमची गैरहजेरी.

घाईचं कारण असं की दहाव्याला तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या आत्याबाई, नदीच्या काठावर सगळ्या भावकीसमोर बोलल्या. "थोरलीनं त्या सांगलीच्या दवाखान्यात दादाला इचारलं नसतं, तर पोरांनी कापून घेतलं असतं आन माजा दादा आज बसला असता." यांनी मान खाली घातली. मीही घातली. तुमची मोठी सून, जिचं तोंड बंद करायला कोर्टाचा हुकूम लागेल असं तुम्ही म्हणायचात, तिला त्या वेळी एक शब्द सुचला नाही.

आता सुचतोय. पण तो सांगायचा तर पहिल्यापासून सांगायला हवं, आणि पहिलं म्हणजे 'म्हणावं'.

मी या घरात आले तेव्हा सासूबाई आधीच देवाघरी गेल्या होत्या. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, काही सांगायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं, ही रीत तुमच्याकडं तशी आमच्या रहिमतपुरातही. माझी अडचण एवढीच की हे फौजेत, आणि घरात तिसरं माणूस वेळेवर सापडायचं नाही. धाकटे भाऊजी असले तर ठीक. ते नसले तर तुम्ही गोठ्याकडं तोंड करायचात. "सर्ज्या, सूनबाईला म्हणावं, आज भाकरी रानात धाड." आणि मी चुलीला सांगायची, "मामंजींना म्हणावं, कोरड्यास काय करू?" सर्ज्या रवंथ करत राहायचा, चूल धुमसत राहायची, आणि आपलं दोघांचं सगळं व्यवस्थित ठरायचं. दोन वर्षं आपण असा संसार रेटला. तुमचा चेहरा नीट कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुमचे पाय मात्र मी गर्दीतनं ओळखले असते.

मग लढाई ऐन भरात असताना मला दिवस गेले. हे रजेवर येऊन परत इटलीला गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून माझे वडील, आप्पा, मला रहिमतपूरला घेऊन गेले. कळा सुरू झाल्या आणि नुसत्याच येत राहिल्या. आमची सुईण सरळ बाई होती. तिनं हात झटकले आणि आईला म्हणाली, "हे माज्यानं व्हनार न्हाई, साताऱ्याला हालवा." तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. चढाला मोटार थांबायची, क्लीनर उतरून मागची भट्टी ढोसायचा, आणि मी आत ओरडायची. आई म्हणे, "आगं, हळू, लोकं बघत्यात." मी म्हटलं, "बघंनात का, तिकीट काढल्यालं हाय त्यांनी." त्या कळांतही मोटारीतली माणसं हसली होती, मला आठवतंय.

तुम्ही साताऱ्यातच होता. बांधाच्या दाव्याची तारीख होती. आप्पांनी कोर्टात माणूस धाडला आणि तुम्ही तसेच उठून बायकांच्या दवाखान्यात आलात. म्हणजे मला दिसलं ते एवढंच, की व्हरांड्याच्या दाराच्या फटीत आप्पांच्या वहाणांशेजारी आणखी एक जोडी येऊन उभी राहिली. कोल्हापुरी, डाव्या पायाचा अंगठा तुटलेला. मनात म्हटलं, आले.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, हात धुतले आणि माझ्याशी चकार शब्द न बोलता बाहेर गेल्या. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"हिचे मालक कुठे आहेत?"

"लढाईवर," आप्पा म्हणाले.

"मूल आडलंय. पोट उघडावं लागेल असं दिसतं. संमती कोण देणार? घरच्या कर्त्या पुरुषाची लागते."

इथून पुढं जे झालं ते तुम्ही नंतर शंभरदा नाकारलंत, म्हणून मी पुन्हा एकदा लिहून ठेवते.

आप्पा म्हणाले, "पाव्हनं, तुमी सांगा. लेक दिली तवाच ती तुमची झाली."

तुम्ही म्हणालात, "छ्या छ्या! पयलं बाळंतपण माह्यारचं. मान तुमचा."

"आसं कसं? नातवंड तुमच्या घरचं."

"पर लेक तुमच्या पोटची."

"आवं, तुमच्या म्होरं मी कसा बोलू? मुलीचा बाप मी."

"न्हाई न्हाई, तुमीच बोला. आमाला तुमच्या सबदाभाईर जायाचं न्हाई."

मामंजी, लग्नात पहिला नारळ कुणाच्या हातात द्यायचा यावर तुम्ही दोघं असाच तासभर घोळ घालत बसला होता. इथं आत मी पलंगाची पट्टी धरून ओठ चावतेय आणि बाहेर व्याह्याव्याह्यांचा मानपान चाललाय. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांना हा प्रकार नवा. त्या म्हणाल्या, "अहो, हे काय लग्नघर आहे का? मला उत्तर द्या कुणीतरी!" आता विचार करते तेव्हा तुम्हा दोघांची कीव येते. हो म्हणावं आणि मी टेबलावर गेले तर? नाही म्हणावं आणि बाळ गेलं तर? ते ओझं कुणालाच उचलायचं नव्हतं, म्हणून दोघं ते अदबीनं एकमेकांच्या हातात देत होता.

आणि इथंच आपल्या भांडणाचा पहिला मुद्दा. तुमचं म्हणणं, तुम्ही आपणहून उठलात, दाराशी आलात आणि खाकरलात. माझं म्हणणं, मी आधी आतनं ओरडले, "आवं, मला इचारा की कुनीतरी!" आणि मग तुम्ही उठलात. यावर आपली किती वेळा जुंपली असेल! तुम्ही नर्सबाईंना साक्षीला बोलवायची भाषा करायचात. मी म्हणायची, बोलवा. आज सांगते, मला नक्की आठवत नाही. कदाचित दोन्ही एकाच वेळी झालं असेल. पण हे तुम्ही असताना मी कबूल केलं नसतं.

ते काही असो, तुम्ही दाराशी आलात. पाठ दाराकडं, तोंड भिंतीकडं. नर्सबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "सूनबाईला म्हणावं, डाक्टरीणबाई पोट उघडायचं म्हंत्यात. काय करायचं?"

नर्सबाई माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, "मामंजींना म्हणावं, डाक्टरीणबाई मला का सांगत न्हाईत? पोट माजं हाय का तुमचं?"

नर्सबाई तुमच्याकडं वळल्या. तुम्ही म्हणालात, "सूनबाईला म्हणावं, बरोबर हाय."

त्या बाई वैतागल्या. "अहो, मी काय पोस्टातली आहे का? दोघं एकमेकांचं ऐकताय की!"

तेवढ्यात कळ आली आणि रीतभात, पदर, तिसरं माणूस, सगळं वाहून गेलं. मी सरळ ओरडले, "मामंजी! तुमी हितनं हलायचं न्हाई. मला इचारल्याबिगर कुनी हात लावला तर त्येला कोर्टात खेचायचं. कबूल?"

दोन वर्षांत मी तुमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आईनं कपाळाला हात लावला. आणि मग तुमचा आवाज आला, भिंतीकडं तोंड करून, पण मधे कुणालाही न घेता, "कबूल."

डॉक्टरीणबाई तणतणत आत आल्या. रागावल्या होत्या, पण माझ्याशी बोलल्या. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघून बोलल्या. बाळाचं डोकं आडलंय, वाट अरुंद आहे. पोट उघडलं तर बाळ बहुधा सुखरूप, पण मला ताप चढू शकतो, कधीकधी जिवावर बेततं. थांबलं तर मी आपोआप सुटेनही, नाहीतर बाळ दमेल. त्यांचं मत विचाराल तर आत्ताच उघडावं. मी विचारलं, बाळ दमलं ते कळतं कसं? त्यांनी लाकडी नळी दाखवली, पोटाला लावली की ठोके ऐकू येतात, ठोके मंद झाले की समजायचं.

मी म्हटलं, "मग थांबा. ठोके मंद झाले की मला सांगा. मग मी आडवनार न्हाई. पर मला सांगायचं."

"मला हे पटत नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्या काही झालं तर लोक माझ्या अंगावर येतील. म्हणून तर पुरुषमाणसाचा शब्द लागतो."

त्यांचंही खोटं नव्हतं. भलतं झालं की माणसं डॉक्टरला धरतात. पण बाहेरनं तुम्ही म्हणालात, "बाई, तुमच्या अंगावर येनाऱ्याला आदुगर माज्या अंगावरनं यावं लागंल. ती म्हंती तसं करा." आणि तुम्ही तिथंच उंबऱ्याशी फतकल मारलीत आणि काठी दारात आडवी टाकलीत. सकाळभर डॉक्टरीणबाई लुगड्याच्या निऱ्या उचलून ती काठी ओलांडून आत-बाहेर करत होत्या. एकदा म्हणाल्या, "काका, काठी बाजूला घ्याल का?" तुम्ही म्हणालात, "कबूल क्येलंय." मला कळांतही हसू फुटलं.

सगळ्यांना वाटतं मी थांबले आणि थांबल्याचं सार्थक झालं. आपल्या गावात तर ही गोष्ट तशीच सांगतात. तसं काही झालं नाही. दुपारी डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, बराच वेळ कान देऊन राहिल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मंद होताहेत."

मी म्हटलं, "मग उघडा."

म्हणजे व्हायचं ते सकाळी झालं असतं तेच झालं. पण स्ट्रेचर आणायला निघालेल्या नर्सबाईंना मी थांबवलं आणि आईच्या खांद्याचा आधार घेऊन माझ्या पायांनी चालत त्या खोलीत गेले. वाट व्हरांड्यातनं होती. तुम्ही झटकन उठलात, काठी उचललीत आणि फेटा भिंतीकडं केलात. मी शेजारनं गेले तेव्हा भिंतीला म्हणालात, "सूनबाईला म्हणावं, सावकाश."

शालन झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तुम्ही मुलगा की मुलगी हे विचारलंच नाहीत. विचारलंत, "दोघी?" त्या म्हणाल्या, "दोघी." आप्पा सांगतात, त्यावर तुम्ही डॉक्टरीणबाईंना कडक सलाम ठोकलात, जसा काही यांच्याऐवजी फौजेत तुम्हीच होता. मग व्हरांड्यात बसून गुळाचा खडा तोडलात आणि अर्धा आप्पांच्या तोंडात घातलात. त्या वेळी मान कुणाचा हे कुणीच काढलं नाही.

त्यानंतर तुमचं वकिलाकडं जाणं! बांधाचं राहिलं बाजूला, तुम्ही त्यांना गाठलंत आणि विचारलंत की बाईचं पोट उघडायला कायद्यानं कुणाचा शब्द लागतो. वकील म्हणाले, ज्याच्या अंगाला शस्त्र लावायचं तो शहाण्या वयाचा आणि शुद्धीवर असेल तर त्याचाच. नवऱ्याचा लागतो असं कुठं लिहिलेलं नाही, ती लोकांची रीत. तुम्ही विचारलंत, "आन सासऱ्याचा?" वकील हसले. तेवढ्यावर तुम्ही वर्षभर गुऱ्हाळावर करमणूक केलीत. काहिलीतला रस उकळत असायचा, माणसं भोवती बसलेली असायची, आणि तुम्ही सांगत असायचा, "बांधाच्या वीतभर जागंला सात पिढ्यांची नावं लागत्यात, आन सुनंचं पोट उघडाय सासऱ्याचं नावच न्हाई कायद्यात! म्या उगाच घाम गाळला व्हरांड्यात." हे इटलीहून परत आले आणि जरा रुसून म्हणाले, मला कुणी कळवलं का नाही, तर तुम्ही त्यांच्यावरच उलटलात. "तुजंबी नाव न्हाई कायद्यात. वकिलाला इचार जा."

आपलं बोलणं मात्र त्या दिवसापासून सुरू झालं ते थांबलंच नाही. पदर डोक्यावर होता, पण सर्ज्या आणि चूल यांना सुट्टी मिळाली. गावानं नाकं मुरडली. आत्याबाई सहा महिने जेवायला आल्या नाहीत, ते तर उलट बरंच झालं. मला तुमचा चेहरा दिसला. मिशी एका बाजूला जास्त पांढरी होती आणि खोटं बोलताना तुम्ही तीच बाजू चाचपायचात.

धाकट्या जाऊबाईंच्या वेळी तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात नाव घालायला निघाला होता. गाडी जुंपली, आणि मग थांबलात. दाराशी येऊन खाकरलात आणि त्यांना विचारलंत. त्या म्हणाल्या, मला घरीच, सुईणीच्या हातानं. तुमचं तोंड कडू झालं. बैल सोडलेत, आणि बाळ होईपर्यंत ओसरीवर येरझारा घालत माझ्याशी भांडत राहिलात. "तुज्यामुळं ही सवय लागली मला. न इचारता न्हेली असती तर निवांत बसलो असतो." मी म्हटलं, "मग न्यायची व्हती." तुम्ही म्हणालात, "आता कसं? एकदा कबूल म्हनलं." त्या दिवशी मी तुम्हाला तीनदा चहा करून दिला आणि मनातनं तुमच्या पाया पडले. तोंडानं सांगायचं राहिलं. आज सांगते.

आता दुसरा मुद्दा. तारीख पडत आलेला तो हाच.

शालन तेव्हा नुकती चालायला लागली होती. अंगणात पडत होती, उठत होती. तुम्ही उंबऱ्याशी बसला होता. एकाएकी म्हणालात, "एक इचारू? त्या दुपारी ही पोर हाताला लागली नसती तर?"

मी म्हटलं, "तर रडले असते. जन्मभर रडले असते. पर तुमाला बोल लावला नसता."

"सकाळीच हो म्हनली असतीस तर तेवढी जोखीमबी नसती."

"सकाळी माजं मन तयार नव्हतं, मामंजी. दुपारी झालं. मला उचलून न्हेली न्हाई, मी चालत गेले. तेवढंच हाय माज्यापाशी. पर लय हाय."

तुम्ही म्हणालात, "ते तुजं झालं. माजं सांग. दारात काठी टाकून कोन बसलं व्हतं? म्या. पोर गेली असती तर मला तुज्याकडं बघाय आलं असतं का? ज्येनं इचारलं, आन समोरच्या माणसानं भलतंच सांगितलं, आन आपुन तसंच क्येलं, त्येनं म्होरं त्या माणसाकडं बघायचं कसं?"

मी म्हटलं, "मला आलं असतं तुमच्याकडं बघाय."

"तुला आलं असतं. म्या माजं इचारतोय."

तुम्ही मिशी न चाचपता म्हणालात, "ऱ्हाऊ दे. ह्येला म्होरली तारीख." पुढं कधी गुऱ्हाळावर, कधी भांगलणीच्या वेळी तो विषय निघाला आणि दरवेळी तारीख पडली. मला वाटायचं, म्हातारा उगाच कीस काढतो. व्हरांड्यात मी कधी बसलेच नव्हते, मला काय कळणार?

मग यंदा गुऱ्हाळं सुरू झाली आणि तुमचं पोट दुखायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं. कापून काढली तर वयामुळं धोका आहे, पण बहुधा निभावतील. नाही काढली तर फार दिवस नाहीत. तुम्ही पलंगावर डोळे मिटून पडला होता. आणि पायथ्याशी पुन्हा तोच खेळ! हे म्हणतात, "आप्पा, तुमी वडीलधारं, तुमी सांगा." आप्पा म्हणतात, "छ्या, ल्योक तुमी, मान तुमचा." भाऊजी म्हणतात, "दादा सांगंल तसं." हे म्हणतात, "तूबी सांग की." मी बघत होते. तुमची मिशी हलत होती. मेलं, तुम्हाला मजा वाटत होती!

मामंजी, मला तुमचं ऑपरेशन व्हायला हवं होतं. मनापासून हवं होतं. गप्प बसले असते तर आणखी थोडा मानपान होऊन शेवटी यांनी हो म्हटलं असतं, तुम्हाला उचलून आत नेलं असतं आणि कदाचित तुम्ही आज ओसरीवर असतात. आत्याबाई म्हणतात त्यात तेवढं खरं आहे. पण दारात आडवी पडलेली ती काठी डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "त्यांना इचारा."

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मग डोळे उघडून डॉक्टरांकडं बघितलं नाहीत, यांच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही. माझा पदर धरून उभ्या असलेल्या शालनला म्हणालात, "शालन, तुज्या आईला म्हणावं, मी घरला जानार. चालत."

इतक्या वर्षांनी पुन्हा 'म्हणावं'! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि आपण दोघं हसतोय. मी शालनला म्हटलं, "आजोबांना म्हणावं, मला पटत न्हाई." तुम्ही म्हणालात, "आईला म्हणावं, ठावं हाय." मी म्हटलं, "आजोबांना म्हणावं, कबूल." शालन बिचारी इकडं तिकडं माना वळवून दमली. आणि तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत, दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गाडीपर्यंत चालत गेलात.

पुढचे दिवस काय थाटाचे गेले! गुऱ्हाळावर बाज टाकून घेतलीत. गरम काकवी डॉक्टरांनी नको म्हटली होती, ती रोज वाटीभर. बांधाच्या दाव्यातल्या जुन्या वैऱ्याला बोलावून घेतलंत आणि त्याच्याशी पुन्हा भांडलात, आणि तो जाताना दोघं गळ्यात पडून रडलात. दुखायचं तेव्हा शालनला हाक मारायचात आणि ती तुमच्या मिशीची पांढरी बाजू ओढायची. जायच्या आदल्या दिवशी मी पायाला तेल चोळत होते. तुम्ही म्हणालात, "आपली तारीख ऱ्हायली गं." मी म्हटलं, "पडू द्या आनि एक." तुम्ही म्हणालात, "आता तूच दे निकाल. म्या सही करतो." सकाळी तुम्ही नव्हता.

तर ऐका निकाल, मामंजी. आता व्हरांड्यात मी बसलेय. मी विचारलं, तुम्ही मला नको होतं तेच सांगितलंत, आणि तसंच झालं. तुमचा चेहरा झाकण्याआधी सगळ्यांनी मला बोलावलं. तुमचा तो प्रश्न पुढं उभा, बघायचं कसं? मी जवळ गेले, पदर मागं सारला आणि बघितलं. मिशी जरा वाकडी होती, बाकी सगळं तुमचं तुम्हीच होता, कुणी ओढून नेलेलं माणूस नव्हतं ते.

आज संध्याकाळी आत्याबाई यायच्या आहेत. त्यांना मी चहा देईन, आणि नदीवर राहिलेला शब्द सांगेन, की होय, मी विचारलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा विचारीन. शालनला आता निरोप्याचं काम चांगलं जमतं, पण हे मी त्यांच्या तोंडाकडं बघून स्वतःच बोलणार आहे.

आणि तुम्हाला सांगायचं ते एवढंच, मधे कुणालाही न घेता. येतं, मामंजी, बघायला येतं. डोळे भरतात, पण मान खाली जात नाही. कबूल?